न वाजणारी खिरापत

अनुसयाबाईच्या दातांची सगळ्या रोहणा गावात ख्याती होती. उसाचं कांडं ती पंचावन्नाव्या वर्षीही दातांनीच सोलायची, आणि घरात अडकित्ता सापडला नाही तर सुपारी घेऊन अनुसयाबाईकडे जावं, असं गल्लीतले लोक चेष्टेनं म्हणायचे. चेष्टा असली तरी तिला ती आवडायची. बत्तीसच्या बत्तीस दात, आणि एकही हललेला नाही. मिरवण्यासारखं तिच्याजवळ दुसरं होतं तरी काय? पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं जगावं म्हणून तिनं ते जन्मल्याबरोबर शेजारणीच्या ओटीत टाकलं, एका कवडीला परत विकत घेतलं आणि त्याचं नाव कवडू ठेवलं. कवडू जगला, वाढला, शेतीला लागला. पण बाळंतपणाची अनुसयाबाईची भीती काही गेली नाही. तिची धाकटी बहीण तानाबाई आर्वीला पहिल्याच बाळंतपणात रक्त जाऊन जाऊन गेली होती. अनुसयाबाई तिच्या उशाशी बसून घडीघडीला चिंध्या बदलत होती. त्या दिवसापासून बाईमाणसाचं रक्त दिसलं की आधी ते थांबवायचं, बाकीचं मग बघायचं, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं.

कवडूची बायको पंचफुला घरात आली तेव्हा अठरा वर्षांची होती. हसरी म्हणजे किती हसरी असावी एखादीनं! विहिरीवर ती हसली की तीन घरांपलीकडे कळायचं. अनुसयाबाईनं पहिल्या आठवड्यात तिला त्यावरून दोनदा हटकलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच तिच्याबरोबर हसत सुटली. त्या घरात तोवर फारसं कुणी हसलं नव्हतं.

पंचफुलेची खरी वट भुलाबाईच्या महिन्यात. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आणि सुना कुणा एकीच्या अंगणात जमायच्या. जवारीच्या पाच धांड्यांचं मखर, त्याखाली मातीचे भुलाबाई आणि भुलोजी, आणि समोर टिपऱ्या वाजवत गाणी. गाण्यांतून सासरच्यांची यथेच्छ उडवलेली असते, त्यात सासूची जास्तच. पंचफुला गाणं उचलायची, नेमक्या कडव्याला अनुसयाबाईकडे बघून भुवया उडवायची, आणि साऱ्या जणींत अनुसयाबाईच मोठ्यानं हसायची. गाणी संपली की खिरापत. ती झाकलेल्या डब्यात असते. डबा कानाशी हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. कुणीतरी ओळखल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पंचफुला एकदाच हलवायची आणि सांगायची, "फुटाने. अन् त्यात चार शेंगदाने हायेत, तेबी कोनी निवडाले भुललं म्हनून." डबा उघडला की खरंच फुटाण्यांत चार शेंगदाणे निघायचे.

पहिल्या खेपेला सहावा महिना चालू होता. पंचफुला सकाळी अंगणात बाभळीच्या काडीनं दात घासत होती आणि तिनं थुंकलेलं पाणी गुलाबी आलं. अनुसयाबाई सडा टाकत होती. तिच्या हातातला गडवा तिथंच थांबला.

"हे काय व? रक्त कायचं?"

"दातून करून राह्यली होती, वो आत्याबाई. थोडंसंच हाये."

"थोडंसं? तानीचंबी पह्यले थोडंसंच होतं. टाक ते दातून."

पंचफुलेनं काडी टाकली. अनुसयाबाईनं आत जाऊन तव्यावर तुरटी फुलवली, कुटून तिची पूड केली आणि स्वतःच्या बोटानं सुनेच्या हिरड्यांना लावली. लेकीच्या तोंडातही कुणी इतक्या मायेनं बोट घालत नसेल. रक्त थांबलं. दोन दिवसांनी पुन्हा जरा दिसलं, पुन्हा तुरटी, पुन्हा थांबलं. मग तिनं कायदाच केला: पोटुशीनं हिरडीला हात लावायचा नाही. नुसती कोमट पाण्याची चूळ. बाळंतपण झालं, मुलगी झाली, आणि कायदा सव्वा महिन्यानं वाढला. बाळंतिणीचे दात हलके होतात, त्यांना काडी दाखवायची नाही, असं अनुसयाबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं. तिच्या सासूनं ते तोंडानं सांगितलं आणि लक्ष दिलं नाही, म्हणून अनुसयाबाई चोरून राखुंडीनं दात घासत राहिली आणि तिचे दात राहिले. पंचफुलेच्या वाट्याला लक्ष देणारी सासू आली. सकाळ-संध्याकाळ तुपातला, गुळाचा, मऊ लुसलुशीत शिरा ती सुनेला स्वतः भरवायची, आणि तो खाऊन झाला की म्हणायची, "चूळ भर अन् पडून राह्य. चोळूनगिळून नोको काई."

सव्वा महिना सरला. पंचफुलेनं काडी हातात घेतली आणि पहिल्याच घासणीला रक्त आलं. अनुसयाबाईनं काडी काढून घेतली. तिचा हिशोब सरळ होता: काडी लावली की रक्त येतं, नाही लावली की येत नाही. याच्यात समजण्यासारखं आणखी काय होतं?

दोन वर्षांनी दुसरं लेकरू, आणखी दोन वर्षांनी तिसरं. कायदा काही उठला नाही. मधल्या काळात पंचफुला बोलताना तोंडाला पदर लावू लागली. अनुसयाबाईला वाटलं, पोर आता जाणती झाली, मर्यादा शिकली. कवडू कधीकधी बाजेवर तिच्या तोंडाच्या वासाकडे पाठ करून झोपायचा. ते अनुसयाबाईला दिसलं, पण त्याचा अर्थ तिनं वेगळाच लावला आणि दोघांना एक दिवस गोड बोलून समज दिली. मग पंचफुलेच्या समोरच्या दोन दातांमध्ये फट पडली. आधी नव्हती ती आता दिसू लागली, आणि महिन्या-महिन्यानं रुंदावू लागली. समोरच्या दातांत फट म्हणजे भाग्य! अनुसयाबाईनं शेजारच्या देवकाबाईला मुद्दाम बोलावून ती फट दाखवली.

"पाय, माह्या सुनेले लक्षुमीची फट पडून राह्यली."

पंचफुला दाखवण्यापुरती हसली.

छप्पन साली, ज्या वर्षी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी कोजागिरीला अनुसयाबाईच्या अंगणात खिरापत होती. पंचफुलेनं डबा हलवला, "फुटाने," म्हणाली, डबा उघडला, साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं चार फुटाणे तोंडात टाकले. मग ती थांबली. तिनं तोंडाशी हात नेला आणि तळवा पुढे धरला. तळव्यावर तीन फुटाणे होते आणि एक दात. दुखलं म्हणून ती ओरडली नाही, कारण दुखलंच नव्हतं. ओरडल्या त्या बाकीच्या बायका.

आर्वीच्या वैद्यानं गुळण्या दिल्या. त्यात दोन महिने गेले आणि आणखी एक दात गेला. तेव्हा कवडू म्हणाला, "वर्ध्याले दातांचा डॉक्टर आलाय म्हनते. घेऊन जाय तिले." तूर कापणीला आली होती, त्याला शेत सोडून जाता येत नव्हतं, म्हणून सासू-सून निघाल्या. रोहण्याहून लहान गाडी, पुलगावला उतरून मोठी गाडी. पंचफुला खिडकीशी बसली होती आणि वाऱ्यानं पदर उडू नये म्हणून तो तिनं दातांत धरायच्या ऐवजी हातानं धरला होता. अनुसयाबाईनं ते पाहिलं.

कृष्णकांत डॉक्टर तरणा होता, मुंबईला शिकून आलेला. दवाखाना म्हणजे एकच खोली. खुर्चीवर पेशंट आणि भिंतीशी बाकावर बाकीचे बसलेले, सगळ्यांना सगळं ऐकू येणारं. त्यानं पंचफुलेला खुर्चीवर बसवलं, आरसा लावून पाहिलं, बोटानं हिरडी दाबली. हिरडीतून पिवळा पू वर आला. त्यानं दात एकेक करून हलवले. खालचे पुढचे चार आणि वरचे राहिलेले दोन नुसत्या बोटानं डुलत होते.

"दात काढावे लागतील हे सहा," तो म्हणाला. "मागचे वाचवता येतील, पण आता जपलं तर."

"किडले काय जी?" अनुसयाबाईनं विचारलं.

"कीड एकही नाही. तेच तर वाईट आहे. दात चांगले आहेत, ज्याच्यात ते रोवलेत ते विरघळलंय." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "तुम्ही घरी मटण करता?"

"करतो कदीमदी."

"बोकड जून असला तर काय घालता त्यात?"

अनुसयाबाईला हसू आलं. डॉक्टरनं असलं काही विचारावं! "कच्च्या पपईचा चीक. नाईतर शिजतच नाई ते."

"चीक काय करतो मांसाला?"

"नरम करते. जास्त झाला तर गयून जाते पार, चिंधीसारखं."

"तसंच झालंय इथं. दात घासले नाहीत की दाताच्या मुळाशी कीटण बसतं. त्यात जंतू वाढतात. ते जंतू त्या चिकासारखा एक रस सोडतात, आम्ही त्याला एन्झाइम म्हणतो. तो रस हिरडीचे धागे विरघळवतो. मग शरीर त्यांच्याशी भांडायला जातं आणि भांडताना आपलाही तसलाच रस सोडतं. दोन्हीकडून मांसच विरघळतं. बाहेरचे लोक आता यावर पुष्कळ शोध लावताहेत, आमच्या पुस्तकांत येतं. रक्त येतं ना, ते या रोगाची पहिली हाक असते. हिरडी सांगत असते की मला साफ करा. तेव्हा हलक्या हातानं रोज घासलं असतं, तर हे काहीच झालं नसतं."

अनुसयाबाईच्या कानात यातलं शेवटचं वाक्य राहिलं. बाकीचं तिला नंतर, एकेक करून आठवत गेलं.

डॉक्टरनं पंचफुलेला विचारलं, "किती दिवस झाले दात घासत नाही तुम्ही?"

पंचफुलेनं सासूकडे पाहिलं. अनुसयाबाईला ते बघणं नंतर जन्मभर पुरलं. त्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. बाकावरचे पाच-सहा लोक ऐकत होते, त्यात एक मास्तर होता, एक आर्वीकडची बाई होती. अनुसयाबाई खाली बघून लुगड्याचा शेव सारखा करू लागली. मग पंचफुलाच म्हणाली, "पाच वर्सं झाली जी. मलेच आयस. सकायचं काम असते, राहून जाते."

सुनेनं सासूची लाज आपल्या पदरात घेतली होती. एवढ्यावर गप्प बसली असती अनुसयाबाई, तरी देवानं क्षमा केली असती. पण डॉक्टर तापला होता. चोवीस वर्षांच्या बाईचे चांगले दात काढायचे म्हटल्यावर तापणारच. त्यानं अनुसयाबाईकडे वळून विचारलं, "आळस? आणि घरात मोठं माणूस नाही का कुणी सांगायला?"

"सांगते जी मी," अनुसयाबाई म्हणाली.

तीन शब्द. ते तिनं विचार करून म्हटले नव्हते. ते तोंडातून असे सुटले, जसं कुणी अंगावर हात उगारला की आपला हात आपोआप वर जातो. पंचफुलेनं मान वळवली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवलं. मग डॉक्टरनं सहा दात काढले. ती एकदाही कण्हली नाही. कागदात गुंडाळलेले दात अनुसयाबाईनं लुगड्याच्या शेवाला बांधले, आणि परतीच्या गाडीत गाठ सोडून पाहिले. पांढरे, लांब मुळांचे, कुठं ठिपका नाही. बागेत वाफा धुऊन गेला की रोपाचं मूळ उघडं पडतं, तसे ते होते. समोर पंचफुला तोंडात कापूस धरून डोळे मिटून बसली होती. पुलगाव आलं, उतरल्या, लहान गाडीत बसल्या, रोहणा आलं. एवढ्या वाटेत अनुसयाबाईला सांगायला वेळ नव्हता असं कुणी म्हणू नये.

तिला डॉक्टरचं खोटं ठरवायचं होतं. तेवढी एकच आशा तिला उरली होती. पपईचा चीक मांस नरम करतो ते चुलीवर, विस्तवाच्या बळावर. विस्तवाशिवाय नुसता रस मांसाला काय करणार? बाजाराच्या दिवशी तिनं मटणाचे दोन तुकडे वेगळे काढले. परसातल्या पपईला चिरा मारून चीक धरला. एक तुकडा चिकात, एक साध्या पाण्यात, दोन वाट्या कोवळ्या उन्हात ओट्यावर ठेवल्या आणि वर टोपली घातली. दुपार कलल्यावर टोपली उचलली. पाण्यातला तुकडा होता तसा होता. चिकातल्या तुकड्यावर तिनं बोट टेकवलं आणि बोट आत गेलं. ना विस्तव, ना सुरी, ना कसला आवाज. अनुसयाबाई ओट्यावर बसून राहिली. हेच तिनं आपल्या हातानं केलं होतं, पाच वर्षं, शिरा भरवून आणि काडी काढून घेऊन. रक्त हाक मारत होतं आणि ती तुरटीनं त्या हाकेचं तोंड बंद करत होती. तिला रडू आलं, पण ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

गावात गोष्टी पसरायला पंख लागत नाहीत. दवाखान्यातल्या बाकावरची आर्वीकडची बाई रोहण्यातल्या कुणाची तरी मावशी निघाली. आठ दिवसांत साऱ्या गल्लीला कळलं की पंचफुला आळशीपणानं दात घासत नव्हती आणि सासू सांगून सांगून थकली होती. सकाळी विहिरीच्या बाजूनं देवकाबाईचा आवाज यायचा. ती नातीला दामटून दात घासायला लावायची: "घास व पोट्टे! नाई त पंचफुलीसारखं बोयकं व्हशील!" अनुसयाबाई सडा टाकत हे ऐकायची. पंचफुला तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर अंगणात आपल्या लेकींना घेऊन बसलेली असायची, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे मऊ कुंचलीनं आपले उरलेले दात घासत, लेकींचे घासत. तीही ऐकायची. तिचं घासणं थांबायचं नाही.

सांगायचा प्रयत्न अनुसयाबाईनं केलाच नाही असं नाही. एकदा ती सुनेच्या मागं स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, "पंचफुले," आणि मग म्हणाली, "जेवली काय?" दुसऱ्यांदा शेताच्या वाटेवर. "पंचफुले, त्या दिवशी…" आणि पुढं, "…ऊन किती होतं व." तिसऱ्यांदा तर तिनं रात्रीच शब्द जुळवून ठेवले होते, आणि सकाळी त्याऐवजी सुनेला नवं लुगडं काढून दिलं. पंचफुलेनं ते घेतलं, "कायले वो?" म्हणाली, घडी करून ठेवलं. ती कधी उलटून बोलली नाही. ताटात वाढायची, पाय चेपायची. फक्त हसायची नाही. वर्ध्याच्या डॉक्टरनं पुढं कवळी करून दिली होती, पण ती टोचायची, म्हणून बहुतेक वेळ पाण्याच्या पेल्यात पडलेली असायची. कवळी लावूनही गाताना स आणि श शिटीसारखे सुटायचे. तिनं गाणं सोडलं.

पुढच्या भादव्यात भुलाबाई बसली. पंचफुला यायची, मागं भिंतीशी बसायची, लेकी पुढं. गाणं देवकाबाईची सून शोभाबाई उचलू लागली. बरं गायची, पण कुणाकडे बघून भुवया उडवायचं तिला सुचायचं नाही. डबा पंचफुलेपर्यंत यायचाच नाही. आला तरी काय? फुटाणे, मुरमुरे, खोबऱ्याचे तुकडे. ती आपला वाटा लेकींना द्यायची.

कोजागिरीला खिरापत पुन्हा अनुसयाबाईची होती. सकाळपासून ती काय करावं या विचारात होती. शेवटी तिनं चुलीवर कढई ठेवली, रवा भाजला, गूळ घातला, तुपाचा हात सैल सोडला. हात आपोआप जुनं करत गेले. शिरा मऊ लुसलुशीत झाला. डब्यात भरताना तो तिनं दाबून दाबून भरला, जागा ठेवली नाही. सुनेच्या दातांना जमेल असं काहीतरी असावं, एवढंच तिच्या मनात होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

गाणी झाली. शोभाबाईनं डबा उचलला, हलवला. काही वाजेना.

"रिकामा हाये काय वो अनुसयाबाई?"

"जड हाये की," दुसरी म्हणाली. तिनं हलवला, कान लावला. "पेढे? पेढे वाजत नाई."

"नाई," अनुसयाबाई म्हणाली.

"बुंदीचे लाडू?"

"नाई."

डबा हातोहात फिरला. कुणी वेडी नावं घेतली, कुणी पुरणपोळी म्हटली, पोरी हसून लोळू लागल्या. फिरत फिरत डबा भिंतीशी आला. पंचफुलेनं तो हातात घेतला. कानाशी नेला नाही, हलवलाही नाही. नुसतं झाकण तळव्यानं चाचपलं. ते अजून कोमट होतं.

"शिरा," ती म्हणाली. शब्द शिटी वाजवत बाहेर आला. तिनं तो पुन्हा, नीट, सावकाश म्हटला. "शिरा. बायंतिनीचा."

एक दोघी हसल्या, आणि पंचफुलेचं तोंड बघून गप्प झाल्या. अनुसयाबाई उभी होती. तिला वाटलं, आता नाही तर आपण हे बरोबर घेऊनच जाणार.

"आयका व," ती म्हणाली. "देवकाबाई, तूबी आयक. ही आयशी नोती. हिच्या हातातलं दातून मी हिसकून घेतलं. पह्यल्या खेपेपासून. रक्त दिसलं अन् मी भेली, तानीच्या वक्ताले भेली होती तशी. पाच वर्सं घासू नाई देल्लं. ते फट दाखवाले तुले बलावलं होतं न मी, ते लक्षुमी नोती व, ते दात सुटून राह्यले होते. हिचे दात मी खाल्ले. अन् डॉक्टरपुढे मी खोटं बोलली."

देवकाबाईनं नातीला जवळ ओढलं, उगाच. भुलाबाईपुढचा दिवा तेवढा जळत होता. अनुसयाबाईनं सुनेकडे पाहिलं. वर्षभर मनात कोंडलेलं बाहेर पडलं होतं आणि आता तिला, खरं सांगायचं तर, थोडं हलकं वाटू लागलं होतं. पोर आता रडेल, किंवा रागावेल, किंवा गळ्यात पडेल. यातलं काहीही तिला चाललं असतं.

पंचफुलेनं डबा मांडीवर ठेवला. तोंडाला लावलेला पदर तिनं खाली घेतला. वर्षात पहिल्यांदाच साऱ्यांनी तिचं पुढचं रिकामं तोंड पाहिलं.

"दातांचं मी तवाच सोडून देल्लं वो, आत्याबाई," ती म्हणाली. "तुमी मायेनं केलं, हे मले मालूम होतं. म्हनूनच मी आयस सांगतला. डॉक्टरपुढे तुमी नुसत्या गप राह्यल्या असत्या ना, तरी मले पुरलं असतं."

मग तिनं डबा उघडला आणि उठून सगळ्यांना वाटू लागली. आधी पोरींना, मग देवकाबाईला, मग शोभाबाईला. अनुसयाबाईपुढं येऊन थांबली, तिच्या पुढं केलेल्या ओंजळीत इतरांना घातला तेवढाच शिरा घातला, कमी नाही, जास्त नाही, आणि पुढं गेली. अनुसयाबाईनं तो तोंडात घातला. तिच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात होते, आणि शिरा असा मऊ झाला होता की त्यातला एकही कामाला आला नाही.